आधी कार्डस्टॉक मोजा, डबा मग शोधा: कमी खर्चात घरच्या घरी पेपर लावून ठेवायची पूर्ण पद्धत

कार्डस्टॉक (कार्ड आणि क्राफ्टसाठी वापरतात तो जाड पेपर) ठेवताना बहुतेकांचं एकाच ठिकाणी चुकतं, आधी छानसा डबा आणला जातो आणि मग पेपर त्यात कोंबला जातो. डबा अर्धा सेंटीमीटर लहान निघतो, शीटचे कोपरे दुमडतात, नाही तर डबा इतका मोठा असतो की सगळा पेपर आत तिरका पडून राहतो आणि महिनाभरात धनुष्यासारखा वाकतो. मग आपण म्हणतो पेपरच खराब निघाला. पेपर बहुतेक वेळा चांगलाच असतो, आपला क्रम चुकलेला असतो.

म्हणून खाली जे दिलंय ते त्याच क्रमाने करा. डबा या सगळ्यात बराच उशिरा येतो आणि तो जवळजवळ फुकटात बनतो, पुठ्ठ्याचे जाड खोके, कटर, स्टीलची पट्टी, पांढरा गम आणि मास्किंग टेप एवढ्यावर काम होतं. वेळ मात्र लागतो. पेपर जास्त असेल तर दोन सुट्टीचे दिवस धरून चाला, कारण मध्ये गम वाळायला एक पूर्ण दिवस सोडायचाच आहे.

१. सगळा पेपर एका जागी आणा

कपाटातला, पलंगाखालचा, पिशवीतला, अर्धवट उघडलेल्या पॅकमधला, सगळा. एका मोठ्या टेबलवर किंवा जमिनीवर स्वच्छ कोरडी चादर टाकून तिच्यावर ठेवा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, क्रीम लावलेलं नको, पांढऱ्या आणि मेटॅलिक शीटवर बोटांचे डाग लगेच दिसतात आणि नंतर जात नाहीत.

अजून न उघडलेले पॅक तसेच राहू द्या. जे उघडे आहेत त्यांच्या वेष्टनावर लिहिलेलं आधी टिपून घ्या: कंपनी, रंगाचं नाव किंवा कोड, जीएसएम (पेपरच्या वजनाचा आकडा). वेष्टन एकदा फेकलं की हे कुठेच सापडत नाही, आणि तोच निळा परत हवा असेल तेव्हा चार वेगवेगळे निळे घरी येतात. सगळ्यात सोपं म्हणजे वेष्टनावरचा तो छापील तुकडा कापून त्या गठ्ठ्यावर ठेवून द्यायचा, लेबल बनवताना तोच कामी येतो.

थांबा: कुठल्याही शीटला ओल लागली असेल, बुरशीचे ठिपके असतील किंवा कडा कुरतडल्यासारख्या दिसत असतील तर ती शीट बाकीच्यांत मिसळू नका. बुरशीवाली सरळ टाकून द्या, वाचवायच्या नादात अख्खा गठ्ठा जातो. कुरतडलेल्या दिसल्या तर ज्या जागेवरून त्या आल्या तिथे कसर आहे असं समजा आणि ती जागा परत वापरू नका.

२. वर्गवारी: आधी साइज, मग जाडी, मग फिनिश, रंग सगळ्यात शेवटी

इथे जवळपास सगळे उलटं करतात. रंगीत पेपर समोर असला की हात आपोआप रंग लावायला लागतो, अर्ध्या तासात सुंदर इंद्रधनुष्य तयार होतं आणि मग लक्षात येतं की त्यात ए४ पण आहे, १२ बाय १२ पण आहे आणि ए५ चे अर्धे कापलेले पण आहेत. ते एका डब्यात बसतच नाहीत, लहान शीट मोठ्यांच्या मध्ये खाली घसरते आणि तिथे तुमची कधी भेट होत नाही.

साइजनुसार आधी ढीग करा. ए४ म्हणजे २१ बाय २९.७ सेंटीमीटर, १२ बाय १२ इंच म्हणजे साधारण ३०.५ सेंटीमीटरचा चौकोन. काही पॅक साडेआठ बाय ११ इंचाचे असतात, ते ए४ सारखेच दिसतात पण रुंदीला सहा मिलिमीटर जास्त आणि उंचीला दीड-दोन सेंटीमीटर कमी असतात. ते ए४ च्या खोक्यात ठेवता येतात, फक्त त्यांना वेगळा डिव्हायडर (मध्ये घालायचा ताठ पुठ्ठा) द्या.

मग प्रत्येक साइजमध्ये जाडी. माझ्या मते घरच्या कामासाठी तीनच गट पुरतात: २०० जीएसएमपर्यंत पातळ, २०० ते २५० मधला, आणि त्यापुढचा जाड. कार्डचा बेस ज्या पेपरचा करता तो आणि वर थर लावायला वापरता तो, हे दोन मिसळले की सगळा घोळ होतो, म्हणून हा टप्पा टाळू नका.

जीएसएम माहीत नसेल तर वजन करा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर पेपरचं वजन ग्रॅममध्ये, आणि ए४ शीट जवळजवळ चौरस मीटरचा सोळावा भाग असते. म्हणून एकसारख्या १० ए४ शीट घरातल्या छोट्या डिजिटल काट्यावर ठेवायच्या आणि जे ग्रॅम येतील त्याला १.६ ने गुणायचं. १० शीट १५६ ग्रॅम भरल्या तर पेपर २५० जीएसएमचा. १२ बाय १२ असेल तर १० शीटच्या वजनाला १.०८ ने गुणा. हाताने चाचपून अंदाज बांधण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं आहे, कारण टेक्स्चर असलेला पेपर हाताला नेहमी जाड वाटतो.

त्यानंतर फिनिश. साधा मॅट एकीकडे. मेटॅलिक, पर्ल, मिरर, फॉइल हे दुसरीकडे कारण त्यांच्यावर ओरखडे पडतात. ग्लिटर पूर्ण वेगळं, त्याची चमक झडते आणि बाकी सगळ्यांना लागते. मागे चिकट असलेल्या शीट वेगळ्या. व्हेलम (अर्धपारदर्शक पेपर) वेगळं, ते ओलीने सगळ्यात आधी लाटांसारखं होतं.

अजून एक गोष्ट या टप्प्यावरच बघून घ्या, पेपरचा गाभा. कोपऱ्याचा अगदी मिलिमीटरभर भाग फाडून बघा, आतून पांढरा दिसतो की आतपर्यंत तोच रंग आहे? पांढऱ्या गाभ्याचा पेपर डाय-कटिंगला (साच्याने आकार कापायला) वापरला की कडा पांढऱ्या दिसतात, घडी घातली की रेघ पांढरी येते. काहींना तेच हवं असतं. पण कापल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं, म्हणून लेबलवर "पांढरा गाभा" असं लिहायचं.

आता शेवटी रंग. हे दिवसाउजेडी करा, रात्री दिव्याखाली नेव्ही आणि काळा, क्रीम आणि आयव्हरी एकसारखे दिसतात. पांढऱ्यांसाठी एक कोरी शुभ्र शीट शेजारी ठेवून तुलना करा, कुठला पिवळसर, कुठला निळसर ते तेव्हाच समजतं. पांढरे पेपर गडद पेपरला चिकटून ठेवू नका, गडद लाल किंवा काळ्याचा रंग घासून पांढऱ्यावर उतरू शकतो.

तपासा: कुठल्याही ढिगातली शीट उचलली तर तिची साइज, जाडीचा गट आणि फिनिश तुम्हाला न अडखळता सांगता येतंय का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

३. आता मोजा, आणि वजनाचा पण विचार करा

प्रत्येक ढीग नीट ठोकून सरळ करा आणि पट्टीने त्याची जाडी मोजा. २५० जीएसएमच्या साध्या पेपरच्या साधारण ३० शीट एक सेंटीमीटरमध्ये बसतात, टेक्स्चरवाला असेल तर थोड्या कमी. मोजून एका कागदावर लिहा: ए४ मॅट मधला १० सेंटीमीटर, ए४ जाड ४ सेंटीमीटर, १२ बाय १२ मॅट ७ सेंटीमीटर, असं.

वजनाकडे कोणी बघतच नाही आणि खोके तळातून फाटतात ते त्यामुळे. २५० जीएसएमची एक ए४ शीट साडेपंधरा ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे १०० शीट दीड किलोच्या वर. १२ बाय १२ च्या १०० शीट सव्वादोन किलोच्या वर. त्यामुळे माझा नियम असा की ए४ च्या एका पुठ्ठ्याच्या खोक्यात पेपर १० सेंटीमीटरपेक्षा जास्त ठेवायचा नाही. तेवढ्यातच साडेचार-पावणेपाच किलो होतात, आणि असा खोका एका हाताने ओढून काढता आला पाहिजे, नाहीतर तुम्ही तो काढणारच नाही.

४. जागा ठरवा

डबा कितीही चांगला असला तरी जागा चुकली तर उपयोग नाही. कागद हवेतली ओल शोषतो आणि सोडतो, आणि एका बाजूने जास्त शोषली की तो त्या बाजूने फुगून वळतो. म्हणून बाहेरच्या भिंतीला टेकून, बाथरूमच्या किंवा स्वयंपाकघराच्या ओट्याच्या भिंतीला लागून, खिडकीखाली, एसी किंवा हीटरच्या थेट झोतात नको. जमिनीवर तर अजिबात नको, फरशी पुसताना पाणी लागतं आणि पुठ्ठा ते खालून ओढून घेतो. किमान १० सेंटीमीटर वर आणि भिंतीपासून दोन-तीन बोटं लांब.

खोलीतली आर्द्रता ४० ते ५५ टक्क्यांच्या मध्ये असेल तर कार्डस्टॉक शांत राहतो. छोटं आर्द्रता-मापक असेल तर एक दिवस त्या कपाटात ठेवून बघा. नसेल तर पातळ पेपरची एक शीट त्या जागी रात्रभर मोकळी ठेवा, सकाळी कडा उचललेल्या दिसल्या तर जागा बदला.

उजेडाचं पण तसंच. माझा एक जांभळा गठ्ठा खिडकीपासून लांब होता, थेट ऊन कधीच पडत नव्हतं, तरीही कडेची एक बोटभर पट्टी फिकट झाली आणि प्रत्येक शीटची ती पट्टी कापून टाकावी लागली. नुसता दिवसभराचा उजेडही पुरतो. जांभळा, लाल, गुलाबी हे लवकर उडतात. उघडी शेल्फ असेल तर समोर एखादा जाड कापडाचा पडदा लावा, एवढंही पुरतं.

५. उभं की आडवं?

दोन्ही चालतं, पण अर्धवट कुठलंच चालत नाही.

उभं ठेवलं की शोधायला सोपं, कुठलीही शीट मधूनच काढता येते. पण शीट ताठ उभी राहिली पाहिजे, दोन्ही बाजूंनी आधार हवा. तिरकी झाली की वाकलीच. ए४ उभी ठेवताना ती लांब कडेवर ठेवा, म्हणजे उंची २१ सेंटीमीटर राहते. मासिकं ठेवायच्या होल्डरमध्ये आपण ती छोट्या कडेवर उभी करतो, तिथे ती उंच आणि लवचिक होते आणि वरून मान टाकते. पातळ पेपरचं तर हमखास असं होतं.

आडवं ठेवलं की पेपर सपाट राहतो पण तळाची शीट काढायला सगळा ढीग उचलावा लागतो, आणि तो ओढताना कोपरे मोडतात. म्हणून आडवं ठेवायचं तर एका कप्प्यात अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त ढीग नको.

माझा सल्ला, ए४ मॅट उभा, १२ बाय १२ आडवा, आणि ग्लिटर, मिरर, व्हेलम, चिकट शीट या सगळ्या आडव्या, स्वतंत्र पाऊचमध्ये. १२ बाय १२ उभा ठेवणारे पण आहेत, त्यांनी दर ३० शीटमागे एक ताठ पुठ्ठा लावला तर तेही चालतं.

६. ए४ साठी उभा खोका बनवा

जाड, कोरडा, वास नसलेला खोका घ्या. खाण्याच्या वस्तूंचे खोके टाळा, आत कण राहतात आणि झुरळं, मुंग्या येतात.

आतली लांबी ३१ सेंटीमीटर, म्हणजे शीटच्या लांबीपेक्षा एक-सव्वा सेंटीमीटर जास्त. यापेक्षा जास्त मोकळीक दिली तर शीट पुढे-मागे सरकतात. भिंतीची उंची १७ ते १८, म्हणजे शीटचा वरचा तीन-चार सेंटीमीटर भाग बाहेर राहतो आणि बोटांनी चाळता येतं. खोली किती ठेवायची त्याचा हिशोब असा: पेपरची मोजलेली जाडी, अधिक तिचा पाव भाग, अधिक प्रत्येक डिव्हायडरचे ३ मिलिमीटर. म्हणजे १० सेंटीमीटर पेपर, अडीच सेंटीमीटर मोकळीक आणि दहा डिव्हायडरचे ३, एकूण १५.५, तर १६ ची खोली धरा.

पुठ्ठा कापायच्या आधी त्याच्या आतल्या नळ्यांची (दोन थरांमधल्या लाटांची) दिशा बघा. उभ्या भिंतीत आणि डिव्हायडरमध्ये नळ्या उभ्या हव्यात, आडव्या असतील तर भिंत मधूनच घडी पडल्यासारखी वाकते. हे एवढं पाळलं तरी खोका जास्त टिकतो.

तळाला दुसरा पुठ्ठा चिकटवा, खालच्याच्या नळ्या ज्या दिशेला आहेत त्याच्या आडव्या दिशेने, म्हणजे तळ कुठेच वाकत नाही. गम पातळ थरात लावा आणि वर पुस्तकांचं वजन ठेवा. कोपऱ्यांना आतून-बाहेरून टेप. आतल्या बाजूला साधा पांढरा कागद चिकटवलात तर अजून चांगलं, कारण साधा पुठ्ठा आम्लधर्मी असतो आणि त्याला वर्षानुवर्षं चिकटून राहिलेल्या पेपरच्या कडा पिवळसर होतात.

आणि मग थांबा, एक पूर्ण दिवस. गममधलं पाणी पुठ्ठ्यात गेलेलं असतं, वरून कोरडा लागला तरी आत ओल असते, लगेच पेपर भरला तर तीच ओल पेपर घेतो. मेहनत करून बनवलेल्या खोक्यातला पेपर दुसऱ्याच दिवशी वळलेला दिसतो तो यामुळे.

तपासा: रिकाम्या खोक्यात एक शीट उभी धरून सोडा. दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढी पण जागा उरली नाही पाहिजे आणि शीट कुठे अडकली पण नाही पाहिजे.

७. १२ बाय १२ साठी आडवे कप्पे

एक मोठा खोका आडवा करा, उघडं तोंड समोर. आतली खोली ३२ सेंटीमीटर आणि रुंदी साधारण ३३, कारण बाजूच्या पट्ट्या आत थोडी जागा खातात. खोका मोठा असेल तर बाजूला पुठ्ठ्याचे थर चिकटवून जागा कमी करा.

कप्प्याचे फळे ३३ बाय ३१ चे कापा, प्रत्येकी दोन पुठ्ठे एकमेकांवर चिकटवून, एकाच्या नळ्या डावीकडून उजवीकडे आणि दुसऱ्याच्या पुढून मागे. प्रत्येक फळ्याच्या पुढच्या कडेला मध्यावर अर्धगोल खाच कापा, साधारण ८ सेंटीमीटर रुंद. ही खाच नसेल तर सगळ्यात खालची शीट नखाने उचकटावी लागते आणि कडा फाटते, ही छोटी गोष्ट बहुतेक जण विसरतात.

फळे बसवायला खोक्यात चिरा पाडायच्या भानगडीत पडू नका, चिरा खोक्याला कमकुवत करतात. त्याऐवजी साडेतीन सेंटीमीटर उंचीच्या, खोक्याच्या पूर्ण खोलीएवढ्या लांब पट्ट्या कापा, नळ्या उभ्या येतील अशा, जाडीला दोन-तीन पुठ्ठे एकत्र चिकटवून. डावी-उजवी एक एक पट्टी तळाशी चिकटवा, त्यांच्यावर फळा ठेवा, परत दोन पट्ट्या, परत फळा. पट्ट्यांनी आत जागा खाल्ली हे लक्षात ठेवा, दोन पट्ट्यांच्या मध्ये ३१ सेंटीमीटर मोकळे राहिलेच पाहिजेत, त्यामुळे खोका निवडतानाच रुंदीला तेवढे जास्तीचे सेंटीमीटर धरा आणि फळे पण त्याच रुंदीचे कापा.

अडीच सेंटीमीटरच्या ढिगात साधारण ७५ शीट, पावणेदोन किलो. पाच कप्पे म्हणजे साडेआठ किलोच्या पुढे. एकावर एक दोन खोके रचायचे नाहीत, खालचा दबतो.

८. खास पेपरसाठी पाऊच आणि फाइल

पारदर्शक झिप पाऊच किंवा जुन्या डॉक्युमेंट फाइल इथे उत्तम. फक्त प्लॅस्टिक कुठलं ते बघा, मऊ, जाड, विशिष्ट वास येणारं पीव्हीसी नको, त्यातलं मऊपणा आणणारं रसायन हळूहळू बाहेर येतं, चिकटपणा येतो आणि मिरर किंवा छापील पेपर त्याला चिकटतो. पॉलिप्रॉपिलीनचं चालतं, त्याच्यावर बहुतेकदा त्रिकोणात ५ आकडा असतो.

ग्लिटर शीट तोंडाला तोंड लावून ठेवू नका, एकमेकींना घासतात. मध्ये साधा पांढरा कागद. वर्तमानपत्र घालू नका, शाई उतरते आणि तो कागद स्वतःच लवकर पिवळा पडतो. चिकट शीट सपाट आणि उष्णतेपासून लांब, उभ्या ठेवल्या तर मागचा कागद सुटतो.

थांबा: दमट दिवसात पेपर पाऊचमध्ये घालून झिप लावू नका, आत ओलच कोंडली जाते. कोरड्या दिवशी, पेपर दिवसभर खोलीत मोकळा राहिल्यावर बंद करा. सिलिका जेलच्या जुन्या पुड्या टाकून काही फारसं होत नाही, त्या आधीच ओल पिऊन भरलेल्या असतात, आणि डबा सारखा उघडत राहिलात तर नव्या पण लवकर भरतात.

९. डिव्हायडर आणि लेबल

डिव्हायडर शीटपेक्षा दोन सेंटीमीटर उंच हवा. शीट २१ ची तर डिव्हायडर २३ चा, रुंदी ३०.५. वरचा भाग पूर्ण ठेवायचा नाही, एक टॅब ठेवून बाकीचा कापायचा, आणि टॅब आळीपाळीने डावीकडे, मध्ये, उजवीकडे. सगळे एकाच जागी ठेवले तर पुढचा मागच्याला झाकतो.

टॅबवर त्याच पेपरचा छोटा तुकडा चिकटवा. नाव वाचण्यापेक्षा रंग बघून हात लवकर जातो. खाली पेनाने कंपनी, कोड, जीएसएम, आणि गाभा पांढरा असेल तर तसं. मास्किंग टेपवर लिहिलेली लेबलं काही महिन्यांत कोरडी होऊन गळतात, म्हणून सरळ पुठ्ठ्यावर लिहा किंवा गमने कागद चिकटवा.

किती डिव्हायडर? दर शीटला नाही. साधारण १५ ते ३० शीटमागे एक. कमी ठेवले तर आधार मिळत नाही, जास्त ठेवले तर अर्धा खोका पुठ्ठ्यानेच भरतो.

१०. भरणे

सगळ्यात मागचा डिव्हायडर आधी लावा, मग पेपर, मग पुढचा डिव्हायडर, असं मागून पुढे. जाड पेपर मागे, पातळ पुढे. गठ्ठा घालताना हातात धरून खाली टेबलवर दोन्ही कडांनी हलकेच ठोकून घ्या, सगळ्या शीट एका रेषेत आल्या की मगच आत सोडा. रबर बँड लावून ठेवू नका, कडांना कायमची खोच पडते आणि रबर जुनं झालं की चिकट डाग.

खोका गच्च भरू नका. चार बोटं आत घालून शीट पुढे-मागे करता आल्या पाहिजेत. पण मोकळी जागा मोकळी पण सोडायची नाही, आणि उभ्या पद्धतीत घरोघरी हेच चुकतं. पेपर वापरत जातो तशी खोक्यात जागा होते, शीट तिरप्या होतात, आणि काही आठवड्यांत पुढच्या वीस-पंचवीस शीट कायमच्या वाकतात. वाकलेली शीट डाय-कटिंग मशीनमध्ये नीट बसत नाही, कडेचा कट अर्धवट राहतो, स्कोअरिंगची (घडीसाठी आखायची) रेघ सरकते. यावर उपाय म्हणजे एक सरकता ठोकळा. पुठ्ठ्याचे सात ते दहा तुकडे एकत्र चिकटवून दोन-तीन सेंटीमीटर जाडीचे दोन-तीन ठोकळे करून ठेवा, शीटच्याच साइजचे. खोका रिकामा होत जाईल तसा पुढून एक एक ठोकळा घालायचा. पेपर भरला की ठोकळा बाहेर.

तपासा: खोका थोडा हलवा. शीट आवाज करत सरकल्या तर अजून एक ठोकळा हवा. शीट काढताना शेजारची सोबत वर आली तर पेपर जास्त झालाय.

११. उरलेले तुकडे

तुकड्यांची सोय नसेल तर वर केलेलं सगळं एक महिन्यात मोडतं, कारण तुकडे पूर्ण शीटमध्ये जाऊन बसतात. तुकडा परत मोठ्या खोक्यात कधीच ठेवायचा नाही.

तीन साइज ठरवा. ए५ किंवा त्याहून मोठा, त्याला अर्धी शीट समजा. त्याखालचे पण तळहाताएवढे. आणि लांब पट्ट्या. ५ बाय ५ सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर लगेच पंच मारून आकार काढून ठेवा नाहीतर टाकून द्या, मन घट्ट करा, ते परत वापरले जात नाहीत. तुकडे रंगाच्या कुटुंबाप्रमाणे पाऊचमध्ये, निळे-हिरवे एक, लाल-गुलाबी-केशरी एक, पांढरे-क्रीम एक, बाकी एक. इथे जीएसएमने पाऊच करायला गेलात तर खूप पाऊच होतात, त्यापेक्षा तुकड्याच्या मागे पेन्सिलने आकडा लिहायचा.

आणि शीट कापताना नेहमी कडेपासून कापा. मधूनच फूल किंवा गोल कापला की उरलेल्या चौकटीचा काही उपयोग होत नाही.

१२. नमुन्यांची रिंग

प्रत्येक रंगाचा ३ बाय ६ सेंटीमीटर तुकडा, मागे कोड, जीएसएम आणि कुठल्या खोक्यात आहे ते, एका कोपऱ्यात भोक पाडून रिंगमध्ये. रंग जुळवताना खोके उपसायची गरज पडत नाही, रिबनशेजारी रिंगच धरायची. पेपर संपला की तो नमुना उलटा फिरवून ठेवा, म्हणजे नवीन पेपर आणताना कुठला संपलाय ते दिसतं. नवीन पॅक घरी आला की एक दिवस तो न उघडता खोलीत ठेवा, मग उघडा, आणि उघडताक्षणी आधी नमुना कापा. हे नंतर करू म्हटलं की राहतंच.

१३. वळलेली शीट सरळ करायची तर

सरळ इस्त्री फिरवू नका, फिनिश जातं आणि पेपर एका बाजूने कोरडा पडून उलट जास्त वळतो. आधी शीट कोरड्या खोलीत एक दिवस मोकळी ठेवा. मग ज्या बाजूला वळलीय ती बाजू खाली करून दोन सपाट पुठ्ठ्यांच्या मध्ये, वर चार-पाच किलो जड पुस्तकं, दोन ते तीन दिवस. पुठ्ठ्याच्या नळ्यांचे वळ उठू नयेत म्हणून शीटच्या दोन्ही बाजूंना कोरा कागद. एका वेळी दहाच्या वर शीट ठेवू नका, मधल्या शीटना हवा लागत नाही.

सरळ झाल्यावर लगेच खोक्यात उभी लावू नका. एक रात्र टेबलवर मोकळी राहू द्या. सकाळी तशीच सपाट असेल तर लावा, परत कडा उचलल्या असतील तर शीटला दोष देऊ नका, चौथ्या टप्प्यावर जाऊन जागा परत तपासा.